चोळायचं नाही

माझ्या पार्वतामावशीला बाळापूर तालुक्यात डॉक्टर सोडून सगळे ओळखतात. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची मान धरली, बाळंतिणीची कंबर सुटेना, तान्ह्या लेकराची मालिश करायची, की माणसं तिच्या ओसरीवर येऊन बसतात. जवसाच्या तेलात लसूण आणि ओवा कढवून ती स्टीलच्या वाटीत घेते, दुखरा पाय मांडीवर ठेवते आणि डोळे मिटून बोटं फिरवायला लागते. डोळे मिटायचे, कारण तिच्या मते नस डोळ्यांना दिसत नाही आणि उघडे डोळे उगाच मध्ये मध्ये करतात. बाईच्या हाताला गुण आहे, असं पंचक्रोशीत म्हणतात. बदल्यात ती काही घेत नाही. कुणी नारळ ठेवलाच तर तो देवापुढे जातो आणि दुसऱ्या दिवशी चटणीत.

मी तिची भाची, गीतांजली. अकोल्याला एका लॅबमध्ये गेली बावीस वर्षं लोकांचं रक्त काढते. रक्तातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. तो समज कसा मोडला हे या गोष्टीत येणार आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते की यात माझं काही चांगलं दिसणार नाही.

मावशीचे यजमान वामनरावकाका. मन नदीच्या काठाला त्यांचा अडीच एकराचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात काकड्या. चौसष्ट वर्षांचं वय होईपर्यंत हा माणूस दवाखान्यात गेला तो फक्त दुसऱ्यांना भेटायला, आणि तिथंही रोग्याला हसवून परत आला. मावशीला चिडवणं हा त्यांचा रोजचा धंदा. "जगाचे पाय चोयते ही बाई, अन् नवऱ्याचे पाय तसेच," असं ते आल्यागेल्याला ऐकवायचे. मावशी म्हणायची, "तुमचे पाय घरी असते कवा?" खरी गोष्ट अशी की काकांचं कधी काही दुखतच नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पायाला तिचं तेल लागलं नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर काकांची डावी पोटरी सुजली. मळ्यात पाण्याचा दांड ओलांडताना उडी मारली होती, तेव्हाच लचकली असेल, असं त्यांनीच ठरवून टाकलं. मावशीनं मला फोन केला. मी कामावर होते, समोर रांग होती. ती म्हणाली, "एकच पाय सुजला वं गीता. पोटरी गरम लागते, टणक लागते, कातडी चमकून राहिली." मी एका हातानं कुणाच्या तरी दंडाला पट्टा बांधत म्हटलं, "लचकच असेल मावशी. तुझ्याइतकं कोण जाणतं? चोळ, होईल बरा."

एकच पाय, गरम, टणक, चमकणारा. हेच कुणा परक्यानं मला काउंटरवर सांगितलं असतं तर मी त्याला उभ्या उभ्या सोनोग्राफीला पाठवलं असतं. शिरेत गुठळी आहे का ते आधी बघा, तोवर पायाला हात लावू नका, असं वर बजावलंही असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. घरचं माणूस होतं म्हणून मला ते ऐकूच आलं नाही. शिवाय काकांचा पायजमा दोन महिन्यांपासून ढिला होत होता, जेवण निम्म्यावर आलं होतं, पाठ दुखते म्हणून ते उशी घेऊन बसायचे. हे सगळं आम्ही वयाच्या खात्यात टाकून मोकळे झालो होतो.

मावशीनं नऊ दिवस पाय चोळला, सकाळ संध्याकाळ. विपुल, म्हणजे तिचा मुलगा, नंतर मला म्हणाला की त्या नऊ दिवसांत आई खुशीत होती. ओसरीवर येणाऱ्यांना सांगायची, "आज आमच्या ह्यायचा नंबर पयला." काका डोळे मिटून पडायचे आणि म्हणायचे, "एवढं सुख असते हे मले म्हाईत असतं त दरसाल पाय मोडून घेतला असता."

दहाव्या दिवशी सकाळी तिचे अंगठे पोटरीवर असतानाच काका एकदम उठून बसले. "पार्वता, दम..." एवढंच बोलले. ओठ निळे पडले, छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. विपुलनं शेजारच्या चंद्रभानची गाडी काढायला लावली आणि अकोला गाठलं. मावशीच्या हाताचं तेल तसंच होतं. दवाखान्याच्या काचेच्या दारावर तिचे पंजे उमटले होते, मी आले तेव्हा सफाईवाली बाई ते पुसत होती.

पायातल्या खोल शिरेत धरलेली गुठळी सुटली होती आणि रक्ताबरोबर वाहत जाऊन फुप्फुसात अडकली होती. तिथल्या डॉक्टरांनी भर व्हरांड्यात विचारलं, "पाय कुणी चोळला?" मावशी शाळेतल्या पोरीसारखी पुढे झाली आणि म्हणाली, "म्या." डॉक्टरांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते निघून गेले. विपुल आईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू त जगाचे पाय बरे करते ना वं?" आणि चहा आणायच्या निमित्तानं खाली गेला. या वाक्याचा त्याला पुढे इतका पश्चात्ताप झाला की माझ्याजवळ तो तीनदा रडला. पण बोललेलं कुठे परत गिळता येतं?

मी मावशीला बाकावर बसवलं आणि म्हटलं, "मी सांगितलं होतं तुला चोळायला. चूक माझी आहे." तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "तूनं सांगतलं म्हणून नाई चोयलं. तू नको म्हणाली असती तरी म्या चोयलंच असतं. मले कोणाचं ऐकायची सवय हाय का?" तिनं माझं ओझं उचलून स्वतःच्या ओझ्यावर ठेवलं, आणि मी ते ठेवू दिलं. त्या दिवसासाठी मला माझाच राग येतो.

काका त्या खेपेला वाचले. पण रोज मळ्यात राबणाऱ्या माणसाच्या पायात विनाकारण गुठळी का व्हावी, म्हणून डॉक्टरांनी पोटाचा सिटीस्कॅन काढला. स्वादुपिंडावर गाठ निघाली, आणि यकृतावर तिचे ठिपके. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशी आमची गत. रोग पोटात होता आणि आम्ही पोटरीला तेल लावत बसलो होतो.

पुढचं दाखवायला अमरावतीला गेलो. तिथल्या कॅन्सरच्या डॉक्टर प्राजक्ता, वयानं माझ्याहून लहान. माणूस बरा असला की मला लगेच कळतं. त्यांनी खुर्ची ओढून काकांच्या जवळ घेतली. काकांनी सरळ विचारलं, "पोटातल्या गाठीचा अन् पायाचा काय संबंध, बाई?"

त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून सांगितलं. गाठ म्हणजे नुसत्या बिघडलेल्या पेशींचा गोळा नसतो. त्या पेशी आपल्याभोवती एक वस्ती बसवतात आणि शरीराच्याच चांगल्या पेशींना तिथं कामाला लावतात. कुणी भोवती चिवट धाग्यांचं कुंपण विणतं, कुणी सूज पेटती ठेवतं. नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पण वेड्यावाकड्या आणि गळक्या, वर कुंपणाच्या दाबानं पिचलेल्या. त्यांच्यातून रक्त धड वाहत नाही, जागोजागी तुंबतं. आणि एरवी शरीर जखम झाली तरच रक्ताला गोठायचा निरोप देतं, तो निरोप ही वस्ती काही कारण नसताना सारखी रक्तात सोडत राहते. मग रक्त अंगभर जखम शोधत फिरतं. पायाच्या खोल शिरेत प्रवाह मंद असतो, तिथं ते थिजतं.

काका चित्राकडे बघत होते. म्हणाले, "म्हंजे दांडात हराळी माजल्यावानी. पाणी तुंबते एकीकडं अन् बांध फुटते भलतीकडंच."

"तसंच काका."

"हराळी त उपटता येते."

त्यांनी कागद पालथा केला. म्हणाल्या की औषध चालू करू, पण औषधही रक्तातूनच जातं आणि गाठीच्या आत रक्तच नीट पोचत नाही, तेव्हा फार आशा दाखवत नाही. रक्त गोठू नये म्हणून पोटाच्या कातडीत दिवसातून दोनदा सुई. आणि पाय चोळायचा नाही. शेकायचा नाही, दाबायचा नाही. उशीवर उंच ठेवायचा, बस.

मावशी इतका वेळ भिंतीला टेकून होती. तिनं एकच विचारलं. "माया चोयल्यानं झालं का हे?"

"गुठळी तुम्ही केली नाही, मावशी. गाठीनं केली. तुम्ही चोळलं नसतं तरी ती सुटलीही असती, कदाचित."

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर आलं. मावशी म्हणाली, "कदाचित म्हणे." मला त्या डॉक्टरीणबाईंचा इतका संताप आला! मी रोज सत्तर जणांना सांगते की टोचणार नाही, मुंगी चावल्यासारखं होईल. एक मुंगीएवढं खोटं त्यांना बोलता आलं नसतं? आता वाटतं, खोटं बोलल्या असत्या तरी मावशीनं ते ओळखलंच असतं.

सुई द्यायला तिला मीच शिकवलं. दोन दिवसांत ती माझ्यापेक्षा हलक्या हातानं द्यायला लागली. पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, औषध सोडायचं, सुई काढायची. मी म्हटलं, "आता कापसानं नुसतं धरून ठेव. चोळायचं नाही, काळंनिळं होतं." तिचा अंगठा सवयीनं तिथं गेलेला होता, तो तिनं मागे घेतला. आणि हसली. दवाखाना सुरू झाल्यापासून पहिल्यांदा हसली. "इथंबी नाई?"

पाय दुखायचा. गोळीनं कमी व्हायचं, जायचं नाही. दुपारी काका उशीवर चढवलेल्या पायाकडे बघत म्हणायचे, "पार्वता, जरासं चोय ना वं. कोणी पाहून नाई राहिलं." ती म्हणायची, "डॉक्टरबाईनं नाई म्हटलं." "डॉक्टरबाईचा पाय दुखून राहिला का?" मग ती उठून मागच्या अंगणात जायची आणि नसलेले कपडे वाळत घालायची. मी दर रविवारी जायची तेव्हा हे बघायची. घरातली वस्तू कपाटात कुलूप लावून ठेवावी तसे तिनं आपले हात पदराखाली ठेवले होते.

दुसऱ्यांचंही तिनं सोडलं. मागच्या गल्लीतल्या गंगूबाई मनगट धरून आल्या, पाणी भरताना मुरगळलेलं. मावशीनं त्यांना दारातूनच सांगितलं, "माया हात आता नाई चालत." गंगूबाईंना वाटलं, बाईला गर्व चढला. मी मावशीवर चिडले. म्हटलं, मुरगळणं वेगळं आणि गुठळी वेगळी, तुला काय सगळ्यांच्या पोटात गाठी दिसायला लागल्या? तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गीता, मले ते हाताले लागत होतं. पोटरीत, आत, सुतळीवानी. नसेले पीय पडला हाय असं समजून म्या तोच दाबत होती. नऊ दिवस. सगळ्यात जास्त तिथंच."

मी उठून पुढच्या आठवड्याच्या सुया मोजायला लागले.

मधल्या दोन महिन्यांत नातेवाईक येऊन गेले. कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी गोमूत्र, कुणी तिवश्याच्या कुठल्या तरी वैद्याची पुडी. काका सगळ्यांना म्हणायचे, "ठेवा तिथं, मळ्याले फवारतो." दोन वेळा अमरावतीला औषध चढवून झालं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनीच थांबवलं, कारण वजन त्रेचाळीसवर आलं होतं.

फेब्रुवारीत शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. आतून रक्तस्राव. मी घरीच रक्त काढायला गेले, आणि इतक्या वर्षांत मला जे दिसलं नव्हतं ते त्या दिवशी दिसलं. सुई शिरेत होती आणि रक्त सुईतच थिजत होतं, नळीत उतरेना. तीन वेळा टोचलं. आणि सुई काढल्यावर तीच टोचलेली जागा अर्धा तास वाहत राहिली, कापसामागून कापूस. एकाच माणसाच्या एकाच हातात रक्त नको तिथं गोठत होतं आणि गोठायला हवं तिथं गोठत नव्हतं. गोठण्याचं सगळं सामान गाठीनं आधीच उधळून टाकलं होतं. हे मला रिपोर्ट येण्याआधी कळलं. काका म्हणाले, "काय वं, जमून नाई राहिलं का आज?" मी म्हटलं, हात थंड आहे म्हणून.

हिमोग्लोबिन सहाच्या खाली. रक्त चढवलं, गुठळीची सुई बंद केली. आठ दिवसांत उजवा पायही सुजला. सुई द्यावी तर पोटात रक्त वाहतं, न द्यावी तर पायात गोठतं. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि आम्ही काठावर नुसते उभे. मी प्राजक्ता मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, आता त्यांना हलवू नका. दुखण्याचं औषध वाढवून देते. बाकी त्यांचं जे मन होईल ते करू द्या.

मी म्हटलं, "त्यांचं एकच मन आहे. बायकोनं पाय चोळावा."

"हलक्या हातानं चोळू द्या," त्या म्हणाल्या. "आता त्यानं काही बदलणार नाही."

ही बातमी मी मावशीला धावत जाऊन सांगितली, लॉटरी लागल्यासारखी. किती मूर्ख असावं माणसानं! तिनं परत विचारलं, "चोयू म्हणाल्या? त्या सोता म्हणाल्या?" मी म्हटलं, हो. मग तिनं चूल पेटवून तेल कढवलं. गॅस असताना चूल का, ते मी विचारलं नाही. दुपारचे तीन वाजले होते. ओसरीवर काकांची खाट होती, विपुल पायथ्याशी बसला होता. लसणाचा वास आला तसे काकांनी डोळे मिटले आणि पाय थोडा पुढे केला. आपणहून त्यांनी काही हलवलं ते त्या आठवड्यातलं पहिलंच.

मावशीनं बोटं तेलात बुडवली. हात पोटरीपर्यंत नेला. पोटरीच्या वर चार बोटं अंतरावर तो थांबला आणि तिथंच राहिला. तेलाचे थेंब गोधडीवर पडत होते. तिनं डोळे मिटून पाहिले, उघडून पाहिले. दुसऱ्या हातानं पहिला हात धरून खाली आणायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, "मावशी, चालतं आता, लाव ना." विपुल म्हणाला, "आई, लाव वं." ती नवऱ्याला म्हणाली, "माया हात नाई टेकत वो."

काका तसेच पडून राहिले, बरंच थांबले. मग त्यांनी पाय मागे घेतला. म्हणाले, "राहू दे. वास आला तेवढं झालं."

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ते गेले. विपुल चमच्यानं पाणी देत होता, ते गालावरून खाली आलं.

शेवटची आंघोळ अंगणात घातली. आमच्यात ती पुरुषच घालतात, बाया घरात बसतात. काकांचे धाकटे चुलतभाऊ केशवराव सगळं बघत होते. पाणी तापलं, हळद आणि तेल आलं. आधी सगळ्या अंगाला तेल लावायचं असतं. केशवरावांनी बाटलीतून ओंजळीत तेल घेतलं, तेवढ्यात मावशी आतून बाहेर आली. तिच्या हातात तिची वाटी होती. "पायाले मी लावते," ती म्हणाली.

"वयनी, उशीर होऊन राहिला," केशवराव म्हणाले.

"लावू द्या तिले," विपुल म्हणाला. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

माणसं बाजूला झाली. मावशी पाटाशेजारी ओल्या फरशीवर बसली. काकांचा डावा पाय तिनं दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. तो अजून तसाच सुजलेला होता. तिनं डोळे मिटले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, तळहाताच्या टाचेनं, मग अंगठ्यांनी, ती चोळायला लागली. माझ्या तोंडातून सवयीनं "नको" यायला निघालं होतं, ते मी दातांत धरलं. पोटरीच्या मधोमध एका जागी तिचे अंगठे थांबले, तिथून मागे गेले, पुन्हा तिथंच आले. बादलीतलं पाणी निवत होतं.

मावशी काकांच्या तोंडाकडे थोडी वाकली आणि हळूच म्हणाली, "दुखलं त सांगजा."